ओव्हाळभाऊंच्या बागा

जगातले सगळे गाईड लोकांच्या पुढे चालतात. आमचे ओव्हाळभाऊ सगळ्यांच्या मागे चालतात.

त्यामुळे होतं काय, की पुढच्या मंडळींना कुठे वळायचं तेच कळत नाही. खंडाळ्याला एकदा आमची आघाडी बाग समजून एका दवाखान्याच्या आवारात शिरली. तिथल्या कर्दळींचं भरभरून कौतुक झालं, सावलीत बाकं दिसली म्हणून सगळे बसलेही. नर्सबाईंनी येऊन "पहिला नंबर कोणाचा?" असं विचारलं, तेव्हा लांब फाटकापाशी शिट्टी वाजली. ओव्हाळभाऊंच्या शिट्टीचे अर्थ ठरलेले आहेत. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं आणि लांबलचक वाजली की समजायचं, आपण चुकलो.

"भाऊ, तुम्ही पुढे का नाही हो चालत?" मी एकदा विचारलं.

"पुढं डायवर असतो, बाई. मी गार्ड हाय."

हे अक्षरशः खरं आहे. यशवंत ओव्हाळ, मूळ गाव परंदवडी, मुक्काम तळेगाव, आमच्याच सोसायटीत तिसरा मजला. सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून झाली. निवृत्तीनंतर त्यांनी शिट्टी आणि हिरवी-लाल झेंडी जपून ठेवली आणि आसपासच्या ज्येष्ठ मंडळींसाठी सहली काढायला सुरुवात केली. "गार्डचा गाईड झालो," ते म्हणतात, "काय फार बदल न्हाई."

बदल एकच, आणि त्याचं त्यांना अपार सुख आहे. आता डब्यात माणसं असतात. आम्हाला ते 'पॅसेंजर' म्हणतात आणि तो शब्द तोंडात पेढा असल्यासारखा उच्चारतात. "जन्मभर सिमेंट न्हेलं, खत न्हेलं, कोळसा न्हेला. सिमेंट कदी म्हणालं न्हाई, भाऊ, वारं येतंय, खिडकी लावा. तुमी म्हणता. लय बरं वाटतं." त्यामुळे आमच्या मिनीबसमध्ये खिडकीबद्दल कितीही तक्रारी केल्या तरी चालतात. ओव्हाळभाऊ हसतमुखाने उठतात, खिडकी लावतात, आणि मागच्याने उघडायला सांगितली की उघडतात.

थंडी सुरू झाली की महिन्यातल्या एका रविवारी आमची सहल निघते. जायचं लोणावळा-खंडाळ्याचे जुने बंगले आणि त्यांच्या बागा बघायला. मुंबईच्या श्रीमंतांनी कधी काळी हवा खायला बांधलेले हे बंगले. दगडी कमानी, लाकडी नक्षीचे सज्जे, कोरडी पडलेली कारंजी, आणि कुणाला नाव माहीत नसलेली प्रचंड झाडं. मालक क्वचितच येतात. फाटकं बंद असतात, पण ओव्हाळभाऊंसाठी उघडतात, कारण प्रत्येक बंगल्याच्या रखवालदाराबरोबर त्यांनी कधी ना कधी चहा घेतलेला असतो.

गाईड म्हणून त्यांचं ज्ञान मात्र बेताचं आहे, आणि ते लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही.

"हा बंगला कोणी बांधला?" असं प्रधान सर प्रत्येक फाटकात विचारतात. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी शाळेत भूमिती शिकवायचे, त्यामुळे मला इतिहासाची घाई नसते. सरांना असते.

"माहीत न्हाई," ओव्हाळभाऊ प्रसन्नपणे सांगतात. "पण माणूस बरा असणार."

"कशावरून?"

"मागं चला, दावतो."

आणि ते आम्हाला बंगल्याच्या मागे, नोकरांच्या खोल्यांकडे घेऊन जातात. खोलीला खिडकी असली की मालक बरा. खिडकीतून झाड दिसत असलं की मालक फारच चांगला. खिडकीच नसली, तर समोर संगमरवराच्या पऱ्या उभ्या असोत नाहीतर अख्खा गुलाबांचा ताटवा, ओव्हाळभाऊ दोनदा शिट्टी वाजवतात. चला पुढे.

प्रधान सरांना हा इतिहास मान्य नव्हता. ते बसमध्ये लोणावळ्याच्या वसाहतीवर बोलायला लागत. बोलणं लांबलं की मागच्या सीटवरून आवाज येई, "सर, हे जरा लूपला घ्या. मागनं लतावहिनींची एक्स्प्रेस येतीय." लूप म्हणजे स्टेशनातली बाजूची लाईन. मालगाडीला तिथे उभी करून एक्स्प्रेस पुढे काढतात. मग सर गप्प होत आणि लतावहिनी त्यांच्या गुडघ्यांचा वृत्तान्त सुरू करत.

लतावहिनींच्या गुडघ्यांमुळे त्या कायम सगळ्यांच्या मागे पडतात. म्हणजे बरोब्बर ओव्हाळभाऊंच्या शेजारी. आम्ही पुढचे वाट चुकत असतो तेव्हा वहिनींना अख्खी सहल ऐकायला मिळते. कुठल्या फणसाखाली कुठल्या रखवालदाराच्या मुलीचं लग्न ठरलं, कुठल्या विहिरीत कुणाची बादली पडली, सगळं. आमच्यातल्या एक-दोन धडधाकट बायकासुद्धा हल्ली लंगडायला लागल्या आहेत, असा मला संशय आहे.

सहलीचा शेवटचा मुक्काम मात्र दर वेळी तोच. मळवली.

मळवलीला रुळांना लागून एक कौलारू बंगली होती. ना कमान, ना कारंजं. मालक मुंबईला, वर्षानुवर्षं खिडक्या बंद. पण बाग! शेवंती, अबोली, गुलबक्षी, डबल जास्वंद, कुंपणावर गोकर्ण. सगळी साधी आपल्या अंगणातली फुलं, पण एकही पान धुळकट नाही. ती राखत होत्या हौसामावशी. डोंगरावरच्या एका ठाकरवाडीतून तरुणपणी रखवालीला आल्या आणि तिथेच राहिल्या. आमची बस यायची त्या दिवशी त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून फाटकात उभ्या असत. मग एकेका झाडापाशी थांबून सांगत, "ही औंदा लय फुलली. हिला मुंग्या लागल्या व्हत्या, आता बरी हाय." आम्ही "वा!" म्हणायचो. मावशी लगेच पुढच्या झाडाकडे वळायच्या, पण त्याआधी त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की आम्ही पुढच्या झाडाला आणखी मोठ्याने "वा!" म्हणायचो.

"याच्यात ऐतिहासिक काय आहे?" प्रधान सर दर वेळी कुजबुजत. "खंडाळ्याचा राजवाड्यासारखा बंगला आपण धावत बघितला आणि इथे तासभर?"

"ही बाग बघायला दुसरं कोन येतंय, सर?" एवढंच ओव्हाळभाऊ म्हणत.

एका रविवारी लोणावळ्याला आम्ही जेवायला बसलो होतो. ओव्हाळभाऊंचा फोन वाजला. ते "व्हय... व्हय... कदी? बरं," एवढंच बोलले. पानात अर्धी भाकरी तशीच होती. उठून त्यांनी दोनदा शिट्टी वाजवली.

"अहो, ताक यायचंय अजून!" लतावहिनी म्हणाल्या.

"आज हॉल्ट कमी हाय, वहिनी. चला."

चिक्की घ्यायलासुद्धा त्यांनी आम्हाला घाईघाईने उतरवलं आणि चढवलं. बस मळवलीला पोचली तेव्हा फाटकाचे दोन्ही पल्ले काढून भिंतीला टेकवलेले होते. आत जेसीबी चालू होता.

अर्धी बाग गेली होती. शेवंतीच्या जागी मोठा खड्डा आणि शेजारी मातीचा ढीग. त्या ढिगातून पिवळी फुलं डोकावत होती. बंगली विकली गेली होती आणि नव्या मालकांना तिथे पोहण्याचा तलाव हवा होता. हौसामावशी पायरीवर बसल्या होत्या. अंगावर तेच हिरवं लुगडं. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

"मगाशी नका येऊ म्हून सांगाया फोन केला व्हता, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी ऐकलं न्हाई. आज दावायला काय न्हाई माज्याकडं."

प्रधान सर चष्मा पुसायला लागले. आम्ही सगळे मागच्या मागे बसकडे वळायच्या बेतात होतो.

ओव्हाळभाऊंनी पिशवीतून लाल झेंडी काढली आणि जाऊन जेसीबीच्या समोर उभे राहिले. गंमत म्हणजे जेसीबीवाला खरंच थांबला. त्याने मान बाहेर काढली.

"आबा, बाजूला व्हा. लागंल."

"माजी गाडी आलीय. पॅसेंजर हायेत. बाग बगून हुईपर्यंत थांबा."

"कुटली बाग?" ड्रायव्हरने खड्ड्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग पायरीवरच्या मावशींकडे. मग त्याने इंजिन बंद केलं. "बगा. पर लवकर आवरा, आबा. मला सायबाला उत्तर द्यायचं हाय."

ओव्हाळभाऊ मावशींपाशी गेले. "उठा. मंडळी लांबनं आलीत."

"काय दावू, भाऊ?"

"काय व्हतं ते दावा."

मावशी उठल्या. खड्ड्याच्या काठाशी आल्या, आणि पदर खोचून हात लांब केला. "हितं... हितं शेवंती व्हती. पिवळी. औंदा पान दिसत न्हवतं, निस्ती फुलं."

"वा!" प्रधान सर म्हणाले.

सगळ्यांत आधी सर म्हणाले. मी वळून त्यांच्याकडे बघितलं, तर ते खड्ड्याकडे असे टक लावून बघत होते, की मला क्षणभर वाटलं, त्यांना खरंच काही दिसतंय.

मग आम्ही ती बाग हिंडलो. जिथे काही नव्हतं तिथे मावशी थांबायच्या, सांगायच्या, आणि आम्ही "वा!" म्हणायचो. गुलबक्षी कुठल्या रंगाची होती, डबल जास्वंद कुणी आणून दिली, साप निघाला तेव्हा त्या कुठे उभ्या होत्या. सांगता सांगता त्यांचा आवाज मोकळा झाला. लतावहिनींनी तर "हिला खत काय घालायचात?" असं रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, आणि मावशींनी सविस्तर सांगितलं. जेसीबीवाला केबिनमधून उतरून ऐकत उभा होता.

शेवटी सर मातीच्या ढिगापाशी थांबले. वाकून त्यांनी एक शेवंतीचं रोप उपसलं. "मावशी, यातलं एखादं जगेल का हो?"

"न जगायला काय झालं? मूळ हाय की त्याला!"

झालं. मावशींनी सूत्रं हातात घेतली. आमच्यासारखी पांढऱ्या केसांची माणसं त्या ढिगाऱ्यावर तुटून पडली. ड्रायव्हरनेही चार रोपं हलक्या हाताने काढून दिली. बांधायला काही नव्हतं, म्हणून आम्ही चिक्कीच्या पिशव्या रिकाम्या केल्या. परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या मांडीवर एकेक रोप आणि पर्समध्ये सुटी चिक्की.

मावशी दुसऱ्या दिवशी वाडीवर भाच्याकडे जाणार होत्या. बस निघाली तेव्हा त्या फाटक नसलेल्या फाटकात उभ्या होत्या.

मी उठून मागच्या सीटवर ओव्हाळभाऊंशेजारी जाऊन बसले. कामशेतच्या पुढे ते आपणहून म्हणाले, "मळवलीला गाडी लूपला लागली की माजा डबा बरोबर त्या कुंपणाशी थांबायचा. गाडी लांब असती ना. इंजिन तिकडं स्टेशनात, गार्ड हिकडं रानात. तासन् तास. बोलायला कोन न्हाई."

"मग मावशींची ओळख तिथे झाली?"

"ओळख म्हंजे... बाई, आगगाडी बगून लोक हात करतात ना, ते इंजिनाला करतात. मग डबे मोजतात. गार्डाचा डबा येईस्तवर कंटाळून गेल्याले असतात. मालगाडीच्या गार्डाला कोन हात करत न्हाई." ते खिडकीबाहेर बघत होते. "ती करायची. गाडी थांबू का न थांबू. झारी खाली ठेवून हात करायची. रात्री आजारी मिसेसच्या उशाशी जागायचं, सकाळी डूटीवर. दिसभरात तेवडंच एक माणूस दिसायचं, जे आपल्याला बगून हसतंय."

त्यानंतर काही आठवडे सहल निघाली नाही. मग एका संध्याकाळी ओव्हाळभाऊ दारोदार फिरले. "रविवारी सहल हाय. कुटं जायचं न्हाई. घरीच थांबा आनि गॅलऱ्या झाडून ठेवा."

"येणार कोण?"

"पॅसेंजर एकच हाय."

रविवारी ते स्वतः मळवलीला जाऊन, वाडीवरून उतरलेल्या हौसामावशींना लोकलने घेऊन आले. तेच हिरवं लुगडं. आमची लिफ्ट नेहमीप्रमाणे आजारी होती, म्हणून मावशी जिन्याने, आणि एक पायरी मागे ओव्हाळभाऊ. घरोघरी जाऊन मावशींनी आपली बाग बघितली. माझ्या अबोलीला त्यांनी पास केलं. प्रधान सरांनी शेवंतीला दोऱ्या, काठ्या आणि सावलीला जुनी छत्री असा सगळा बंदोबस्त केला होता. मावशींनी कुंडीत बोट घातलं आणि म्हणाल्या, "सर, झाड लावलंय का भात?" सरांनी मान खाली घालून पाणी कमी करायचं कबूल केलं.

लतावहिनींकडे डबल जास्वंद टवटवीत होती. मावशींनी ती नीट न्याहाळली. "लय चांगली वाढीवली, वहिनी!" वहिनींचे डोळे भरून आले. बाहेर जिन्यात मावशी माझ्या कानाशी लागल्या. "ही माजी न्हाई. माजी मेली असणार. पर बिचारीनं माज्यापायी इकत आणली बगा."

तिसऱ्या मजल्यावर ओव्हाळभाऊंनी झेंडी गुंडाळली. "झाली सहल. चला, मावशीला गाडीला सोडतो."

"आणि तुमची गॅलरी?" सरांनी विचारलं.

"माज्याकडं काय न्हाई बगण्यासारखं."

"खड्ड्यात काय न्हवतं ते बी बगितलं आपुन, भाऊ," मावशी म्हणाल्या, "आता हे बी बगू. उगडा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं हा माणूस आमच्या दारांवर येतोय, पण त्याच्या दाराच्या आत आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नाही.

आत सगळं लखलखीत होतं. बुद्धाची लहानशी मूर्ती, पुढे ताजं फूल. बाजूला त्यांच्या मिसेसचा फोटो. भाऊ इथे राहायला आले तेव्हा एकटेच होते, त्यामुळे आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. नागपूरच्या मुलीचा नातवाबरोबरचा फोटो. स्वयंपाकघराच्या मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक कप. गॅलरीत पत्र्याच्या डब्यात हौसामावशींची गोकर्ण गजांवरून वर चढली होती, आणि तिच्याजवळ एक खुर्ची. घरात खुर्ची तेवढीच.

ओव्हाळभाऊ "बसा" म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मावशींकडे बघितलं, माझ्याकडे, सरांकडे. एवढा मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"दुसरी खुर्ची न्हाई व्हय, भाऊ?" मावशींनी हळूच विचारलं.

"व्हत्या. ती गेल्यावर देऊन टाकल्या. रिकाम्या दिसायच्या."

मावशी खुर्चीत बसल्या आणि गोकर्णीचा एक वेल सारखा करायला लागल्या. मी दाराकडे पाहिलं तर प्रधान सर नव्हते. थोड्या वेळाने जिन्यात धापा ऐकू आल्या. सर आपली वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन वर आले होते. पुस्तकापेक्षा जड काही उचललेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ही इथेच राहू दे," घाम पुसत ते म्हणाले. "संध्याकाळी येत जाईन. आता या वयात रोज तीन जिने चढून वर उभा थोडाच राहणार आहे?"

ओव्हाळभाऊंनी खुर्चीकडे बघितलं. तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. जरा वेळ शांतता. मग आणखी पाणी ओतलं. पुन्हा थांबले, पुन्हा ओतलं. किती लागतं याचा त्यांना अंदाज राहिला नव्हता.

"कप आणते मी माझ्याकडचे," म्हणत मी उठले. दारातून खाली पाहिलं, तर लतावहिनी कठड्याला धरून, मोठ्याने गुडघ्यांना बोल लावत, एकेक पायरी करत वर येत होत्या.

आतून मावशींचा आवाज आला, "भाऊ, अजून एक कप वाढवा. वहिनी बी येतीय."